मेंबरशिपचं सर्टिफिकेट देणारे खूप, काढून घेणारं कोण?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत मध्यंतरी मानसिक आरोग्यावर एक चांगला लेख आला होता, मुलांचा मोबाइल, दहावीचं टेन्शन, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रोज घरी पोचणाऱ्या माणसाची चिडचिड, सगळं होतं त्यात, आणि शेवटी ‘योग्य व प्रमाणित समुपदेशकाचा सल्ला घ्यावा’ असं लिहून लेख संपला. लेखाबद्दल तक्रार नाही. पण त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर जाहिरात होती की शनिवार-रविवार क्लास करा, तीन महिन्यांत थेरपिस्ट व्हा आणि सोबत अमुक संघटनेची आजीवन मेंबरशिप मोफत मिळवा. आता वाचकाने एकाच अंकातलं यातलं काय धरायचं ते सांगा.

मी स्वतः समुपदेशक आहे, काउन्सिलिंग सायकॉलॉजीत एमए केलंय, नौपाड्यात बसते आणि आठवड्यातले काही दिवस वाशीला. म्हणजे हे पत्र बाहेरच्या माणसाचं नाही आणि कोणाच्या पोटावर पाय देण्यासाठीही नाही. उलट समुपदेशकांच्या दोन-चार संघटनांचे फॉर्म मी भरलेत, एकीची मेंबर आजही आहे, आणि नव्या मुलामुलींना मी सांगते की एकटे राहू नका, कुठेतरी जोडून घ्या. फक्त जोडून घेताना काय बघायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं कायद्याचं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला डॉक्टर, औषधं तो लिहितो, त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे (आरसीआय), १९९२ च्या कायद्याखाली, त्याला सीआरआर म्हणजे त्यांच्या केंद्रीय रजिस्टरचा नंबर असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. नोंदणी नसताना ते काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं कायदा म्हणतो (हजार रुपये! ठाण्यात एका सेशनला तेवढे सहज घेतात लोक). २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात राज्याच्या प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मेंटल हेल्थ नर्स आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कर यांची नोंद ठेवायची असं आहे, साधा समुपदेशक त्या यादीत नाही. मग २०२१ ला अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि काही प्रकारचे काउन्सिलर धरलेत, राज्याराज्यांत कौन्सिल आणि रजिस्टर असं सगळं त्यात आहे. कागदावर छान आहे. पण आजवर मला कोणी लायसन्स दाखवा म्हणालेलं नाही. ऑफिस घेताना भाडेकरार मागितला, पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, सोसायटीने लिफ्टच्या मेंटेनन्सचे चेक आधी मागितले, पण तू माणसांच्या मनाचं काम करतेस तर काय शिकलीस हे एकानेही विचारलं नाही.

मग ही रिकामी जागा भरतात मेंबरशिपवाले. त्यात सगळे वाईट नाहीत हे मी पहिलंच सांगते. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्ससारखी संघटना १९६८ पासून आहे. पण गेल्या काही वर्षांत, विशेषतः लॉकडाऊननंतर सगळं ऑनलाइन झालं तेव्हापासून, नेटवर्क, फोरम, कौन्सिल, अकॅडमी अशी नावं भराभर उगवली आणि नाव जितकं मोठं, त्यात ‘इंटरनॅशनल’ किंवा ‘नॅशनल’ असलं तर फी तितकी जास्त. एकीचा फॉर्म मी भरला होता त्याची गंमत सांगते. नाव, फोटो, डिग्रीची स्कॅन कॉपी, यूपीआयने पैसे, बस. पैसे गेले आणि चहा संपायच्या आत पीडीएफ आलं, सोनेरी बॉर्डर, खाली दोन सह्या, माझ्या नावापुढे ‘सर्टिफाइड प्रोफेशनल मेंबर’. माझी डिग्री कोणी उघडून तरी बघितली असेल का? मी तिथे डिग्रीऐवजी लाइट बिल जोडलं असतं तरी तेच सर्टिफिकेट आलं असतं याबद्दल मला शंका नाही. पी हळद आणि हो गोरी.

आणि त्या सर्टिफिकेटवर ठळक अक्षरात काय असतं तर ‘रजिस्टर्ड, नोंदणी क्रमांक अमुक’. क्लायंटला वाटतं बाईंची नोंदणी आहे. बाईंची नसते हो, संस्थेची असते. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसं एकत्र आली की संस्था नोंदवता येते, मग ती भजनी मंडळाची असो नाहीतर थेरपिस्टांची. पब्लिक ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते, सेक्शन ८ ची (नफा वाटून न घेणारी) कंपनी असेल तर कंपनी कायद्याखाली, आणि काही ‘नेटवर्क’ तर सरळ प्रायव्हेट लिमिटेड असतात, म्हणजे तुम्ही मेंबर नसता, गिऱ्हाईक असता. आयएसओचा शिक्का असतो तोही ऑफिसची कामाची पद्धत कशी आहे त्याचा, समोर बसलेल्या माणसाला ऐकता येतं का त्याचा नव्हे. हे सगळं बेकायदा आहे असं मी म्हणत नाहीये. पण भिंतीवर फ्रेम करून लावलं की साधा माणूस फसतो, आणि लावणाऱ्याला ते माहीत असतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की संघटना आत किती जणांना घेते यावर तिची किंमत ठरवू नका, ती कोणाला बाहेर काढू शकते का ते विचारा. क्लायंटने तक्रार केली तर ती कोण ऐकतं, किती दिवसांत, त्या समितीत बाहेरचं कोणी आहे का, आणि चूक सिद्ध झाली तर नाव यादीतून जातं का आणि गेलेलं लोकांना कळतं का. या प्रश्नांना उत्तर नसेल तर ती मेंबरशिप म्हणजे पैसे भरल्याची पावती.

लोक म्हणतील हे जरा जास्तच होतंय, कायदाच अजून कागदावर, तर संघटना काय करणार. म्हणून इंग्लंडचं सांगते. तिथेही ‘काउन्सिलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ ही पाटी लावायला कायद्याने बंदी नाही, कोणीही लावू शकतो, आपल्याकडे प्रत्यक्षात चालतं तसंच. पण तिथे ब्रिटिश असोसिएशन फॉर काउन्सिलिंग अँड सायकोथेरपी म्हणून संघटना आहे, १९७७ ची, आधी नावात सायकोथेरपी नव्हतं ते २००० साली आलं. तुमचा कोर्स त्यांनी मान्य केलेला नसेल तर नुसत्या डिग्रीवर रजिस्टरला घेत नाहीत, त्यांची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. वरच्या दर्जाची मान्यता हवी तर महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन (म्हणजे अनुभवी माणसापुढे आपल्या केसेस मांडणं) चालू आहे हे दाखवावं लागतं. कोणाविरुद्ध तक्रार खरी ठरली तर निकाल नावानिशी वेबसाइटवर टाकतात, जो उठेल तो वाचू शकतो. आणि या संघटनेचं रजिस्टर नीट चाललंय का ते बघायला वर आणखी एक संस्था आहे, प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी. सक्ती कुठलीच नाही, तरी लोक रजिस्टर बघून जातात कारण त्या रजिस्टरवरून नाव उडू शकतं. तिथलं सगळं आदर्श आहे असं नाही, त्यांच्याकडेही भांडणं आहेतच. पण कायद्याची वाट न बघता हे करता येतं एवढं तरी त्यावरून कळतं.

आता आपल्याकडचं. एक बाई माझ्याकडे आल्या, तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय. आधी त्या नवी मुंबईत एका काउन्सिलरकडे जात होत्या, फी सासूबाई भरत होत्या. काही सेशन झाल्यावर घरी जेवताना सासूबाईंच्या तोंडून असं एक वाक्य आलं जे या बाईंनी फक्त त्या खोलीत बोललं होतं. बाईंनी विचारलं तेव्हा त्या काउन्सिलर म्हणाल्या की मोठ्यांना विश्वासात घ्यावं लागतं, तुमच्याच भल्यासाठी. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. भिंतीवर सर्टिफिकेट होतं, त्यावरचा नंबर घेऊन बाईंनी संघटनेला फोन केला. पलीकडून विचारलं, तुम्ही मेंबर आहात का? नाही म्हटल्यावर उत्तर आलं की आमच्याकडे फक्त मेंबरांच्या तक्रारी घेतल्या जातात. फोन ठेवला. त्यानंतर बराच काळ त्या कोणाकडेच गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं सेशन सगळं मी लिहून काय ठेवते आणि ती वही कुठे असते हे विचारण्यातच गेलं, आणि मला ते अगदी बरोबर वाटलं.

२०१७ च्या कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, ग्राहक न्यायालयाचा रस्ताही आहे म्हणतात, पण मला सांगा, जी बाई सासूपुढे बोलू शकत नाही ती वकील लावून आपलं खाजगी दुखणं तिऱ्हाइतांपुढे मांडायला जाणार आहे का? तिला हवं असतं जवळचं, कमी खर्चाचं, नाव न फुटता ऐकून घेणारं ठिकाण. ते संघटनाच देऊ शकते. पण देणार कशी, तक्रार ऐकली तर मेंबर दुखावतो, मेंबर गेला की फी गेली.

व्हॉट्सअॅप ग्रुपचंही सांगायला हवं कारण खरी मेंबरशिप तिथेच असते. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, मग वेबिनारचे बॅनर, आणि मधेच कोणीतरी लिहितं, ‘खारघरमध्ये मराठी बोलणारी चाइल्ड काउन्सिलर हवी आहे, अर्जंट’. हे फार उपयोगाचं आहे, माझी कितीतरी कामं अशी झाली, ऐरोलीच्या आयटी पार्कमधली पोरं रात्री उशिराचा स्लॉट मागतात तो माझ्याकडे नसतो, मग ग्रुपवर विचारलं की कोणीतरी मिळतं. पण त्याच ग्रुपवर मी हेही वाचलंय की ‘क्लायंट फीमेल, ३४, नॅशनलाइज्ड बँकेत, घोडबंदर रोडच्या अमुक कॉम्प्लेक्सच्या अमुक टॉवरमध्ये राहते, नवऱ्याचं बाहेर प्रकरण, कोणी कपल थेरपी घेतं का’. आता त्या टॉवरमध्ये बँकेतल्या चौतिशीच्या बायका असतील किती? नाव लिहिलं नाही म्हणजे गोपनीयता पाळली असं आपल्यातल्या शिकलेल्या लोकांना वाटतं. ग्रुपात शेकडो माणसं, त्यातलं एखादं त्याच टॉवरला राहत असेल. अॅडमिनने काय केलं? हात जोडल्याची इमोजी टाकली. मेसेज तिथेच राहिला. नियम असा हवा की रेफरलसाठी वय, भाषा, स्टेशन आणि ऑनलाइन की प्रत्यक्ष एवढंच लिहायचं, बाकी फोनवर, तेही क्लायंटला विचारून. हा नियम करायला दिल्लीहून कोणी यायला नको.

बरं, मग जॉइन तरी कशाला व्हायचं? एका कारणासाठी तर नक्कीच, सुपरव्हिजन. बाहेरच्यांना हा शब्द साहेबगिरीचा वाटतो, तसं ते नाही. आपल्यापेक्षा जास्त वर्षं काम केलेल्या माणसापुढे नाव-गाव न सांगता आपली केस मांडायची आणि ते विचारतात, इथे तू घाईने सल्ला का दिलास, इथे तुला राग कशाचा आला, ही केस तुझ्या आवाक्यातली आहे का की सायकिअॅट्रिस्टकडे पाठवायला हवी. हे न करता वर्षानुवर्षं एकट्याने प्रॅक्टिस करणारे लोक मी बघते, त्यांचा आत्मविश्वास वाढत जातो आणि ऐकणं कमी होत जातं. नेरुळला आमच्यातल्या एकीच्या घरी रविवारी सकाळी असा एक छोटा गट बसतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे, एक जण केस मांडतो, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला दिला की यजमानीण टेबलावर चमचा वाजवते. शेवटी पोहे. त्या टेबलावर मला जितकं समजलं तितकं कुठल्या वेबिनारमध्ये नाही समजलं, वेबिनारचं सर्टिफिकेट मात्र दर वेळी मिळालं. जे नेटवर्क तुम्हाला असा गट, परवडेल असा सुपरव्हायजर आणि नव्या मुलांना शिकता येईल अशी जागा मिळवून देतं त्याला फी द्या, आनंदाने द्या. लोगो आणि डिरेक्टरीत नाव एवढंच देत असेल तर तेच पैसे सुपरव्हायजरला द्या.

याच्यावर मला नेहमी ऐकावं लागतं की देशात आधीच माणसं कमी, त्यात तुम्ही चाळण्या लावता. कमी आहेत हे खरंच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ ला बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं त्यात मानसिक आजार असलेल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. महाराष्ट्र त्या बारात नव्हता, पण आपलं फार वेगळं असेल असं मला तरी वाटत नाही. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, कोणी जरा विचित्र वागला की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा आपण सगळ्यांनी ऐकलीय आणि केलीय. १९९० पासून इथेच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी संस्था उभी राहिली, लोक हळूहळू उघडपणे जायला लागले. अशा गावात जो माणूस कसाबसा धीर करून पहिल्यांदा दार ठोठावतो त्याला पहिल्याच दारात वाईट अनुभव आला तर तो दुसरं दार शोधत नाही, आणि घरच्यांनाही सांगतो की ते सगळं थोतांड असतं. त्यामुळे माणसं कमी आहेत म्हणून कोणीही चालेल, हे मला पटत नाही.

शाळांचा मुद्दा तर आता अंगावर आलाय. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे. चांगलंच झालं. पण मुख्याध्यापक मंडळी आता फोन करून विचारतात, मॅडम कुठल्या संघटनेचं सर्टिफिकेट चालतं? त्यांना माझं सांगणं असतं की सर्टिफिकेट बाजूला ठेवा, मुलाखतीत समोरच्याला विचारा की एखाद्या मुलीने तुम्हाला सांगितलं घरातलं कोणी हात लावतं आणि कोणाला सांगू नका, तर तुम्ही काय कराल. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात, २०१२ च्या, कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गोपनीयता आड येत नाही, न कळवणं हा गुन्हा आहे. जो उमेदवार म्हणेल मी पालकांना बोलावून मिटवून टाकेन त्याच्याकडे कितीही सोनेरी कागद असले तरी त्याला घेऊ नका. एक मुख्याध्यापिका म्हणाल्या, अहो पण आम्हाला फाइलला लावायला कागद लागतो ना. ते मला समजतं, इन्स्पेक्शनला येणारा फाइलच बघतो.

संपादक साहेब, तुमच्याकडून एक छोटी अपेक्षा आहे. पुरवणीत मानसिक आरोग्यावर कोणाचं मत छापता तेव्हा नावाखाली नुसतं ‘प्रसिद्ध थेरपिस्ट’ न लिहिता शिक्षण काय आणि नोंदणी असेल तर कुठली ते एका ओळीत लिहा. माझं हे पत्र छापलंत तर मलाही तोच नियम लावा, एमए काउन्सिलिंग सायकॉलॉजी, आरसीआय नोंदणी नाही, औषधं देत नाही, हे खाली टाका.

आणि सहकाऱ्यांना सांगायचंय की ज्या संघटनेचे तुम्ही मेंबर आहात तिच्या पुढच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, जा, झूमवर कॅमेरा बंद करून बसायचं नाही, आणि तक्रार समितीचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा. आपल्या इथल्या छोट्या संघटनांना प्रत्येकी वेगळी समिती परवडणार नाही हे मान्य, मग मुलुंडच्या पुढे पनवेलपर्यंत जेवढे गट आहेत त्यांनी मिळून एकच करावी, पाच जणांची, त्यात एक वकील, एक सायकिअॅट्रिस्ट, आणि दोन तरी अशी माणसं जी आपल्या धंद्यातली नाहीत, एखादी निवृत्त शिक्षिका, एखादा पालक. तक्रार मराठीत लिहून चालेल असं स्पष्ट लिहायचं. खर्चाचं म्हणाल तर दर मेंबरच्या वार्षिक फीतले पन्नास रुपये बाजूला काढले तरी वर्षभराचं भागेल, खोलीचं भाडंसुद्धा लागणार नाही, नौपाड्यातली माझी जागा रविवारी रिकामीच असते.

आपली,
एक समुपदेशक, ठाणे (प.)
एमए काउन्सिलिंग सायकॉलॉजी, आरसीआय नोंदणी नाही
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)